सूर्यास्ताआधीची हुग्गी

पळायच्या आधी काय खावं, हे सांगायला गावात कुणालाच लाज वाटत नाही. जो बांधापर्यंत चालताना धापा टाकतो, तोसुद्धा चंदनाला थांबवून सांगायचा, "बदाम खा गं, भिजवलेलं." पळण्याचा सराव घेणाऱ्या सरांचं मत वेगळं होतं. दोन तास आधी उकडलेलं रताळं खा, म्हणाले. आता साताऱ्याची घाटातली शर्यत सकाळी सहाला, म्हणजे रताळं खायचं पहाटे चारला. इथंच सगळं घोडं अडलं होतं.

कारण चातुर्मास चालू होता. चंदनाच्या जैन घरात या दिवसांत सूर्य मावळल्यावर ताटं पालथी पडायची, ती सूर्य उगवल्यावरच सुलटी व्हायची. रात्री पाणी चालायचं, अन्नाचा कण नाही. आणि रताळं तर जमिनीखालचं, ते दिवसाही वर्ज्य. आई म्हणाली, "एक दिवस सूट घे की, देव काय काठी घेऊन बसलाय?" पण नेम चंदनानं आपणहून धरला होता, आणि आपणहून धरलेला नेम सोडणं तिच्या जिवावर येत होतं.

प्रश्न नुसता नेमाचाही नव्हता. गेल्या वर्षी सांगलीच्या शर्यतीत ती उपाशीपोटी पळाली आणि चक्कर येऊन रस्त्यातच आडवी झाली. तिला उचलून नेलं ते तिच्या वडलांनी, आण्णांनी. घरी आल्यावर ते एवढंच बोलले, "आवंदा एकदा पळ. परत चक्कर आली तर पळणं बंद." आण्णा मुळात कमी बोलणारे. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

म्हणून तिनं मिरजेच्या आसियाला गाठलं. दोघी एकाच मैदानावर सराव करायच्या, आणि आसिया रमजानमध्येही मैदान चुकवायची नाही.

"तू दिवसभर उपाशी ऱ्हाऊन कशी गं पळतीस?"

"तुझं माझ्या उलटं हाय," आसिया हसून म्हणाली. "माझा उपास उजाडताना सुरू हुतो, तुझा मावळताना. पण पोट दोघींचं सारखंच की! सावकाश जिरंल असं खायचं. साधी चपाती खाल्ली की मला अकरालाच भूक लागती. अम्मी खपली गव्हाचं करती, त्यावर दुपार निघती."

खपली म्हटल्यावर चंदनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खपलीची गूळ घालून केलेली खीर, म्हणजे हुग्गी, त्यांच्याकडं सणावाराला व्हायचीच. मग दर रविवारी तिनं आपल्याच पोटावर प्रयोग मांडला. शनिवारी दिवस मावळायच्या आत खायचं आणि सकाळी पळून बघायचं. भाकरी-आमटीवर पहाटेच पोटात कावळे ओरडायला लागले. पुरणपोळीनं झोप छान लागली, पाय मात्र उठेनात. हुग्गी पहिल्यांदा फसली, कारण आईनं ती वाटीनं न वाढता परातीनं वाढली. हुग्गी मोजून वाढणं म्हणजे त्या घरात पाहुण्याला हाकलणंच! पुढच्या खेपेला चंदनानं स्वतःच वाढून घेतली. बेताची हुग्गी, वर तूप. सकाळी पळून आली तरी अंगात रग शिल्लक होती. ती स्वतःच चकित झाली. रात्रभर हे धान्य आत करतं तरी काय, याचं तिला भारी नवल वाटलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती आण्णांबरोबर साताऱ्याला निघाली. आत्याकडं पोचून जेवायचं ठरलं होतं. पण कराडच्या पुढं रस्त्याचं काम, आणि एसटी जागची हलेना. डावीकडच्या खिडकीत सूर्य खाली खाली चाललेला. चंदनानं सरळ मांडीवर डबा उघडला आणि गच्च भरलेल्या गाडीत हुग्गी खायला लागली. पुढच्या बाकावरची म्हातारी वळून वळून बघत होती, पण चंदनाचं लक्ष फक्त डब्यात आणि खिडकीत होतं. शेवटचा घास गिळला तेव्हा सूर्याची कड अजून दिसत होती.

सकाळी अंधुक उजेडात शर्यत सुटली. घाटाच्या चढावर भलेभले चालायला लागले, चंदना मात्र पळत होती. प्रत्येक वळणाला ती पोटाला विचारायची, आहे का रे काही? असायचं. डोकंही स्वच्छ होतं. आता आण्णांना दाखवायचंच, असं मनात म्हणत ती वरच्या टोकाला आली, जिथून मागं वळायचं होतं. आत्याच्या यजमानांच्या गाडीवरून आण्णा तिथं आधीच येऊन थांबणार होते.

आण्णा होते. पण कठड्याला टेकून खाली बसलेले, चेहरा पांढराफटक. एक स्वयंसेवक मुलगी त्यांना पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

शर्यत विसरून चंदना त्यांच्यापुढं बसली. "आण्णा, काय झालं?"

"काय न्हाई. उभ्या उभ्या जरा गरगरलं."

"काल काय खाल्लं हुतं तुमी?"

आण्णांनी नजर चुकवली. "गाडीत तू खात हुतीस, तवा मलाबी डबा हुता. पर घास उतरंना. म्हटलं, पोरगी परत पडली तर... तेवढ्यात दिस मावळला."

चंदनाला हसावं की रडावं कळेना. तिला दोन्ही आलं. सूर्य चांगला वर आला होता. तिनं पळणाऱ्यांसाठी मांडलेल्या टेबलावरचा गुळाचा खडा उचलून त्यांच्या तोंडात घातला आणि त्यांचा हात धरून बसून राहिली. मागं टाकलेल्या मुली एकेक करून पुढं निघून चालल्या होत्या.

आण्णांनी गूळ गिळला आणि हात सोडवून घेतला.

"बसलीस काय? चक्कर मला आलीय, तुला न्हाई. ऊठ, पळ!"