कालिंदीच्या वाट्याचं चालणं

कालिंदी शेडगे चालली की माझ्या पिंढऱ्या भरून येतात आणि मी जेवले की तिचं पोट भरतं. गेल्या दिवाळीपासून हे असंच चाललंय.

साताऱ्यात आमचं विम्याचं ऑफिस आहे. दवाखान्यांची बिलं कॉम्प्युटरवर तपासायची, मंजूर किंवा नामंजूर करायची, एवढंच काम. सकाळी बसलं की संध्याकाळीच उठायचं. कालिंदीचं टेबल माझ्या टेबलाला लागून. माझ्या बाळंतपणाच्या रजेत माझं सगळं काम तिने ओढलं होतं आणि पुन्हा कधी त्याचा उच्चार केला नव्हता. तिच्यावर माझा असा विश्वास होता.

दिवाळीच्या तोंडावर ऑफिसात तपासणीला डॉक्टर आले. दोघींना एकच सांगून गेले. साखर काठावर आहे, नीट जेवा, रोज चाला. आमची सुट्टी अर्ध्या तासाची. नीट जेवलं तर चालायला वेळ उरत नाही आणि चालायला गेलं तर जेवण म्हणजे गाड्यावरचा वडापाव.

“अंजे, असं करू,” कालिंदी म्हणाली. “तू दोघींचं जेव. मी दोघींचं चालते.”

“जमेल?”

“न जमायला काय झालं?”

जमलं. मी नाचणीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ आणि ताक असा डबा आणायला लागले. माझा घास उजव्या दाढेने चावायचा, तिचा डावीने. ती अजिंक्यताऱ्याच्या चढाकडे जाऊन यायची. ती चढाला लागली की टेबलाखाली माझे तळवे गरम व्हायचे. महिन्याभरात तिचे केस गळायचे थांबले. मी घरचा जिना न थांबता चढले. आमच्या ह्यांनी विचारलं, “औषध बदललंस का?” मी म्हटलं, “नाही, मैत्रीण चालते.” ते बरं म्हणाले.

संक्रांतीनंतर माझे पाय सुट्टी संपल्यावरही चालत राहायला लागले. कालिंदी उशिरा परतायची. मग दुपारभर यायची नाही. तिची भूक मात्र वेळेवर यायची, चार वाजता, पुन्हा सहाला. मी डबा मोठा केला. एका सोमवारी ती आलीच नाही आणि सकाळपासूनच माझे पाय भरभर चालत होते.

मी आमच्या ऑफिसच्या इनामदार साहेबांना विचारलं, “कालिंदी रजेवर आहे का?”

“त्यांनी नोकरी सोडली. तुम्हाला बोलल्या नाहीत?”

“नाही.”

“तुमच्या मैत्रिणी ना त्या?” साहेबांना खरंच नवल वाटलं. “त्यांचं बसणं तुमच्याकडे दिलंय म्हणाल्या. म्हणाल्या, आमचं तसं ठरलंय.”

शिपायाने कालिंदीचं टेबल ओढून माझ्या टेबलाला जोडलं. मी उठायला गेले. उठता आलं नाही. पाय दुखत नव्हते, बधिरही नव्हते. ते कामात होते, एवढंच.

मी तिला फोन लावला. पलीकडे वारा होता.

“अंजे, जेवलीस का?” तिने पहिलं हेच विचारलं. इतकी वर्षं ती हेच विचारायची आणि मला बरं वाटायचं.

“तू कुठे आहेस?”

“घाटात. उतार लागलाय. इथून काय दिसतं म्हणून सांगू!”

“परत ये. मला उठता येत नाही.”

“मग बस ना गं. बसूनच तर काम करायचंय तुला.”

“आपलं अर्ध्या तासाचं ठरलं होतं, कालिंदे.”

ती चालतच राहिली. मला तिची पावलं फोनमध्ये ऐकू येत होती आणि टेबलाखाली जाणवत होती.

“तुला सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का?” ती म्हणाली. “पालेभाजी जरा वाढव. वळणावर चक्कर येते मला.”

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. तिला परत यायला लावायचा दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता. दुपार कलली तशी घाटात कुठेतरी ती कोसळली. माझा गुडघा फुटला आणि साडीवर रक्त उतरलं. मी घाईघाईने भाकरी तोडली. चावताना मला रडू येत होतं, पण चावणं थांबवता येत नव्हतं. थोड्या वेळाने पाय पुन्हा चालायला लागले.

संध्याकाळी हे न्यायला आले. मला उचलायचा प्रयत्न केला, खुर्चीही उचलून पाहिली, पण काहीच हललं नाही. मग घरी जाऊन दुसरा डबा घेऊन आले. “अगं, निदान जेवण तरी वेळेवर होतंय तुझं,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात पुढच्या तपासणीला तेच डॉक्टर आले. त्यांनी टेबलाखाली वाकून माझे पाय पाहिले.

“उत्तम,” ते म्हणाले. “साखर खाली आली. असे पाय या ऑफिसात कुणाचे नाहीत. करताय तेच चालू ठेवा.”

“मला उठायचंय, डॉक्टर.”

“घाई करू नका,” ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

आज सकाळी उतार संपला. बराच वेळ सपाट होतं, मग मऊ. बोटांच्या बेचक्यात काहीतरी खरखरलं. वाकून चपलेत हाताचं बोट फिरवलं तर ओली वाळू लागली. साताऱ्यात समुद्र नाही.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा वाटलं, ती पाय भिजवून मागे फिरेल. ती मागे फिरली नाही. गुडघ्याची जखम मिठाने झोंबली. फरशी कोरडी होती, साडी मांड्यांना चिकटली होती. कालिंदीला पोहता येत नाही. मलाही येत नाही. पोहायचं कुणी, हे आमचं ठरलंच नव्हतं.

“मॅडम, आजची बिलं झाली का?” इनामदार साहेबांनी दारातून विचारलं.

“करतेय,” मी म्हटलं.

कमरेशी एक मोठी लाट आली. मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि माझे पाय जमिनीवरून सुटले.