शेडमागच्या दोन खोल्या

माझं लग्न मोडलं तेव्हा बाबा एकच वाक्य बोलले. "पोल्ट्रीच्या शेडमागे तुला दोन खोल्या बांधून देतो." ना रडारड, ना उपदेश. बाबांची माया नेहमी विटा-सिमेंटचीच. मला तेवढी पुरत होती.

तोवर मी दादाच्या घरात राहत होते. म्हणजे जन्मले त्याच घरात, पण आता ते दादाचं झालं होतं. जिन्याखाली माझी खाट होती आणि उशाशी कोंबड्यांच्या खाद्याची पोती. पोतं न्यायला कोणीही कधीही यायचं. वहिनी आली की म्हणायची, "झोप हो, तुझं चालू दे," आणि दिवा तसाच ठेवून जायची. मला फार काही नको होतं. आतून कडी लावता येईल असं एक दार हवं होतं, आणि कोणाला न विचारता चहा टाकता यावा.

खोल्या काय, गवंडी महिन्याभरात उभ्या करतो. खरं बांधकाम परवानगीचं. कार्यालयात एक जण म्हणाला रस्ता अरुंद आहे, दुसरा म्हणाला संडासाची टाकी विहिरीला जवळ पडते, आणि तिसरा कायम जेवायला गेलेला. हेलपाटे घालून बाबांचे गुडघे गेले. शेवटी नकाशे काढून देणारा एक माणूस भेटला. त्याने आम्हाला खुळ्यात काढलं.

"शेतजमिनीवर एक घर असताना मुलीसाठी दुसरं मिळत नाही. घरच्यांनी मोठ्या घरात राहायचं, असा नियम आहे. पण मजुरासाठी खोली मंजूर होते. पोल्ट्रीवर माणूस लागतोच ना? ताई कोंबड्या बघतात ना? मग झालं तर!"

दादाला हे एकदम पटलं. "नाव काहीही लागू दे, काम झाल्याशी मतलब." माझ्या कागदांवर अजून नवऱ्याचंच आडनाव होतं, त्यामुळे कोणाला संशय येण्याचंही कारण नव्हतं. त्या लग्नाचा तेवढा एक उपयोग झाला. मी हसत म्हटलं, "चला, मजूर म्हणून का होईना, मी इथे काम करते हे कोणीतरी कबूल केलं." वहिनीचं तोंड वाकडं झालं.

बाबा हसले नाहीत. आम्ही त्यांना लहान मुलासारखं पढवलं. जागा तपासायला येणाऱ्या साहेबांनी विचारलं ही कोण, तर म्हणायचं, कामाला आहे. बाबा नुसती मान डोलवायचे.

साहेब टेप घेऊन आले. मी डोक्याला फडकं बांधून अंडी निवडत बसले होते. साहेबांनी नकाशा पाहिला आणि अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं.

"हिच्यासाठी एवढी मोठी खिडकी? मजुराला काय करायचाय एवढा उजेड?"

बाबा उसळले. "मजूर? लेक आहे माझी! आणि खिडकी एवढीच राहणार!"

साहेबांनी शांतपणे टेप गुंडाळला. अर्ज नामंजूर झाला. दादाने घर डोक्यावर घेतलं, "एक वाक्य म्हणायचं होतं, तेही जमलं नाही!" मीही वैतागल्याचं सोंग आणलं. पण खरं सांगते, आतून मला इतकं बरं वाटलं होतं की खोल्या गेल्या खड्ड्यात असं वाटत होतं. मग रोज त्या जिन्याखाली आडवी व्हायचे. कितीही बरं वाटलं तरी बरं वाटण्याला कडी लावता येत नाही.

पुढे त्या साहेबांची बदली झाली. नकाशावाल्याने नवा अर्ज टाकला. जुनी फाइल कोणी शोधत नाही म्हणाला. या नकाशात खिडकी छोटी होती, पार छताजवळ.

नवे साहेब बरे होते, माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. त्यांनी बाबांना विचारलं, "ही कोण?"

बाबांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते पुन्हा तसेच उसळले असते, तर मी आनंदाने जन्मभर जिन्याखाली झोपले असते. ते उसळले नाहीत.  मला अशी चीड आली की मीच बोलले.

"मी कामाला आहे, साहेब. हे मालक."

बाबांना लागावं म्हणूनच बोलले होते. पण त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि टॉवेलने मान पुसली.

"विश्वासू आहे हो," ते साहेबांना म्हणाले. "किती वर्षं आमच्याकडेच आहे."

परवानगी आली. खोल्या झाल्या. अटीप्रमाणे दारावर 'मजूर निवास' अशी पाटी लागली, दादाने ती हौसेने रंगवून घेतली. पहिल्या दिवशी मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा एकटीने प्यायले. छान लागला. खोटं कशाला बोलू?

परवा अंडी न्यायला नवा व्यापारी आला. कुठला लांबचा होता, त्याला कार्यालयाशी काही देणंघेणं नव्हतं. मी आत भाजी चिरत होते. छताजवळच्या खिडकीतून दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

"इथे मागे कोण राहतं?" त्याने सहज विचारलं.

तपासायला आलेलं कोणी नव्हतं, दादाही गावाला गेला होता. शेडमध्ये ते दोघंच होते. मी सुरी थांबवली.

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "कामवाली आहे."

मी उठून आतून कडी लावली.