पुढचा शब्द

आयुष्यभर नाटकाच्या विंगेत उभं राहायचं आणि नट अडखळला की हळूच पुढचा शब्द पुरवायचा, हा काकांचा धंदा. निवृत्तीनंतर विंग सुटली, पण खोड काही सुटली नाही. काकूंनी स्वयंपाकघरात "अहो, ते हे कुठे गेलं..." म्हणायचा अवकाश, काका "किसणी!" म्हणून मोकळे. वर्षभरात असे शब्द जरा जास्तच पुरवावे लागत होते. पण काकांचा हात इतका सराईत, की लेकीलाही पत्ता लागला नव्हता. उलट आईची स्मरणशक्ती कशी खणखणीत आहे, हे ती सगळ्यांना सांगत फिरायची.

डॉक्टरीणबाईंपुढे मात्र पितळ उघडं पडलं. त्यांनी काकूंना चित्रातली वस्तू ओळखायला सांगितली आणि मागच्या खुर्चीतून कुजबुज आली, "छत्री, छत्री."

"काका, तपासणी कोणाची चाललीय?"

"तिला येतं हो. मी फक्त सुरुवात करून दिली."

रोज चाला, नीट झोपा, कान तपासून घ्या, माणसांत मिसळा, असं बरंच काही सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाई काकांकडे वळल्या. "तुम्हाला एकच पथ्य. त्यांना शोधू द्या. तयार शब्द हातात मिळाला तर त्या शोधतील कशाला?"

चालायला काका एका पायावर तयार झाले. गप्प बसणं मात्र जिवावर आलं. काकू अडल्या की काकांचे ओठ आपोआप हलायला लागायचे.

रविवारी लेक, जावई आणि व्याही जेवायला आले. काकूंनी आपला ठेवणीतला किस्सा काढला. "नाटकात माझा पहिलाच प्रयोग. भर प्रवेशात वाक्य विसरले. विंगेकडे पाहिलं, तर हे महाशय..."

आणि काकू थांबल्या.

हसायला तयार झालेले चेहरे तसेच राहिले. लेक आईकडे बघायला लागली, मग बापाकडे. काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. हिला हे सापडलं नाही तर आपली पहिली भेटच हरवली, असं त्यांना वाटून गेलं.

काकूंनी चमचा उलटा केला, सुलटा केला. मग काकांकडे निरखून पाहिलं.

"...हे महाशय तोंडाचा आ वासून माझ्याकडेच बघत उभे! शब्द द्यायचं भानच नाही!"

सगळे खो खो हसले. काका सगळ्यांत मोठ्याने हसले आणि डोळे पुसायला खिशात रुमाल शोधू लागले.

"आणि मघाशी काय झालं होतं हो?" काकूंनी त्यांना धारेवर धरलं. "मी इतकी अडले, तरी तुम्ही ढिम्म. एवढ्या वर्षांनी पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच," काका म्हणाले. "तुझ्याकडेच बघत होतो."