सुटलेला टाका उचलणारी सुई

मित्रांनो, मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. लांबीला वीतभर, अंगाने पोलादी आणि डोक्याला एक बारीकसा आकडा. "एवढीशी तर आहे, हिची कसली आलीय कहाणी!" असं म्हणून नाक मुरडू नका. माझ्या मालकिणीच्या पेटीत विणायच्या दोन लांब सुया आहेत. त्या सदा जोडीने मिरवतात आणि शाली-स्वेटरांचं सगळं कौतुक त्यांच्याच पदरात पडतं. मला हाक येते ती काहीतरी बिघडलं की! त्यामुळे माझा स्वभाव जरा तिरसट झालाय, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादी तारेचा तुकडा तोडून मला घासलं, पुसलं, आणि टोकाला खाच पाडली तेव्हा तर जीव नकोसा झाला. मग एका दुकानात काचेमागे पडून होते. तिथून एका तरुण नर्सने मला घरी आणलं. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत ती विणायला शिकत होती आणि तिचे टाके सारखे सुटत होते. पहिल्याच दिवशी मी तिचे इतके टाके वर काढले की ती मैत्रिणींना म्हणाली, "ही नसती ना, तर मी हा नाद केव्हाच सोडला असता!" खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी नुसती फुगले होते.

नर्सबाई मोठी भाविक. सकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल वाचायचं, प्रार्थना करायची आणि मग मांडीवर लोकर घेऊन वाचलेल्याचा विचार करत विणत बसायचं, हा तिचा नेम. निवृत्त झाल्यावर ती चर्चच्या दालनात बायकांना विणकाम शिकवू लागली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळांसाठी त्या सगळ्या मिळून शाली विणत. आता तिचा हात इतका बसला होता की टाका सुटेल तर शपथ. मग मला कोण विचारतो? पेटीच्या तळाशी, बटणांखाली मी कित्येक वर्षं पडून राहिले. अंगावर गंजाचे ठिपके आले. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

तिथे पडल्यापडल्या एक गोष्ट मात्र रोज कानावर यायची. नर्सबाईचा धाकट्या भावाशी अबोला होता. वडिलांच्या दफनाच्या दिवशी तो उशिरा आला. शवपेटीचं झाकण बंद झाल्यावर दारात येऊन उभा राहिला. सगळ्यांदेखत नर्सबाई कडाडली होती, "आता कशाला आलास? आलास तसा परत जा!" तो एक शब्द न बोलता फिरला, तो फिरलाच. तेव्हापासून ती रोज सकाळी म्हणायची, "देवा, मनातली ही अढी काढ. सुरुवात कुठून करू, तेवढं सांग." आणि दुपारपर्यंत पुन्हा पुटपुटायची, "चूक त्याची आहे. त्याने यावं."

एके दिवशी वर्ग चालू असताना त्या भावाची बायकोच दालनात आली.

"ताई, आम्ही उद्या सकाळी निघतोय. मुलाकडे, कायमचे. यांची तब्येत तोळामासा झालीय. पुन्हा इकडे येणं होईल असं वाटत नाही."

"बरं," नर्सबाई एवढंच म्हणाली आणि मान खाली घालून विणत राहिली. मला असा राग आला! पण पेटीतल्या सुईचं कोण ऐकतो?

तेवढ्यात वर्गातली बेकरीवाली रडकुंडीला आली. तिच्या शालीत पार खाली एक टाका सुटला होता आणि ते तिला आत्ता दिसत होतं.

"जळलं मेलं ते विणकाम! सगळी शाल उसवते. नाहीतर टाकूनच देते."

"अगं, थांब थांब!" नर्सबाईने पेटी उपसून मला बाहेर काढलं. "एका टाक्यासाठी अख्खी शाल उसवायची? जिथे सुटलाय तिथपर्यंत खाली उतरायचं. कसा सुटला, कुठे अडकला, ते आधी नीट बघायचं. मग त्याला अलगद धरायचं आणि एकेक धागा घेत वर आणायचं. चिडायचं नाही, ओढाताण करायची नाही."

गंजलेल्या अंगाने मी तो टाका वर आणला. शाल बचावली.

भावजय हे सगळं बघत उभी होती. ती हळूच म्हणाली, "लोकरीला किती धीराने घेता हो, ताई. माणसालाही घ्या की कधी."

बेकरीवाली तर आपली शाल कधी पाहिलीच नाही अशी निरखायला लागली. नर्सबाईचा चेहरा लाल झाला, आणि मला वाटलं, आता हिचा पारा चढणार. पण तिने मला मुठीत धरलं आणि ती उठली.

"चल," ती भावजयीला म्हणाली आणि मला तशीच हातात धरून निघाली.

भावाच्या घरात बोचकी बांधून तयार होती. भाऊ गुंडाळलेल्या गादीवर बसला होता. बहिणीला पाहून तो धडपडत उठला.

"बाब्या," नर्सबाईने विचारलं, "त्या दिवशी तुला उशीर का झाला रे?"

हा प्रश्न त्याला आजवर तिने विचारलाच नव्हता. त्याने ट्रंक उघडली आणि तळातून एक काळा कोट काढला.

"बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, 'मला माझ्या चर्चच्या कोटात ने.' कोट लाँड्रीत होता आणि दुकान बंद. मालकाचं घर शोधत वणवण फिरलो, ताई. कोट मिळाला. घेऊन आलो, तर झाकण लागलेलं."

"म्हणजे हा तुझ्या हातात होता?"

"दंडावर होता."

"मला दिसला नाही रे."

"तू माझ्याकडे पाहिलंस कुठे?"

नर्सबाई त्या कोटात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. "मला क्षमा कर, बाब्या. बाबांच्या पेटीला मी तुला खांदासुद्धा देऊ दिला नाही."

"मी तरी कुठला शहाणा," तो डोळे पुसत म्हणाला. "तेव्हाच बोलायला हवं होतं. मीही अडून बसलो."

अंधार पडेपर्यंत दोघं बोलत होती. निघताना तिने त्याच्या औषधांवरून त्याला चांगलंच फैलावरही घेतलं, तेव्हा कुठे भावजय पोट धरून हसली.

सकाळी तिने तो कोट स्वतः त्याच्या अंगावर चढवला. "तिकडे थंडी असते," म्हणत एकेक बटण लावलं, आणि मग तो गेला. नंतर दोघं रोज फोनवर बोलायची, बाबांच्या आठवणी काढायची, भांडायचीसुद्धा. असा त्यांना एक हिवाळा मिळाला. दुसरा मिळाला नाही.

नर्सबाईने माझा गंज घासून काढलाय. हल्ली मी वर्गात सगळ्यांच्या हातात फिरते. नव्या बायकांना ती सांगते, "देवाला मी रोज वाट विचारत होते, आणि ती तो मला रोज माझ्याच मांडीवर दाखवत होता. मी बघतच नव्हते."

म्हणून मित्रांनो, टाका सुटलेला दिसला की त्याच दिवशी मला शोधा. तुम्ही पुढे विणत जाता, तसे वरचे धागे आवळत जातात. मग मी कितीही जपून ओढलं, तरी तिथे लोकर थोडी ताणलेली दिसतेच.