बदक देणार नाही

सकाळपासून सासूबाईंचं चित्त ठिकाणावर नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं इस्त्रीचं दुकान. हात सवयीनं चालत होते, पण कान सगळे रस्त्याकडे. सुनेचा भाऊ तिला न्यायला येणार होता, आणि आज ती गेली की परत येणार नाही, हे कुणी न सांगताही कळत होतं.

मुलगा बोटीवर नोकरीला, घरी उरल्या या दोघी. सुनेची भाषा वेगळी, खाणं वेगळं, आणि मुख्य म्हणजे इस्त्री वेगळी. सासूबाई शर्टाची कॉलर आधी करत, सून सगळ्यात शेवटी. तिनं घडी घालून ठेवलेला प्रत्येक शर्ट सासूबाई तिच्या डोळ्यांदेखत उलगडत आणि पुन्हा करत. शेवटी काल पोरीनं मुकाट्यानं बॅग भरली.

आपण काय एवढं वाईट वागलो, असं त्यांनी स्वतःला दहादा विचारलं. उत्तर माहीत होतं, म्हणून तर जिवाला चैन नव्हतं.

भाऊ आला. बॅग गाडीत गेली, कुत्रा काही जाईना. सुनेनं माहेराहून आणलेला तो दांडगोबा सासूबाईंच्या बदकापाशी ठाण मांडून बसला. भावानं पट्टा ओढला, तर बदकानं त्याच्या पोटरीला अशी चोच मारली की गडी एका पायावर नाचला.

ही जोडी कशी जमली, देव जाणे. बदक अंगणातल्या टबात डुंबायचं, आणि पाण्याला घाबरणारा कुत्रा शेजारी बसून राहायचा. बदकानं त्याला कधी पाण्यात ओढलं नाही. त्यानंही बदकाला भुंकायला शिकवलं नाही. सासूबाई हे रोज बघून हसायच्या. आज हसू आलं नाही, लाज वाटली.

भावाला दोन्ही भाषा येत. तो म्हणाला, "मावशी, बदकही देता का? त्याशिवाय हा हलायचा नाही."

द्यायला तशी हरकत नव्हती. सासूबाईंनी बदक उचललं, गाडीपर्यंत नेलंही. कुत्रा गुमान मागे आला. पण गाडीच्या दाराशी आल्यावर त्यांचे हात सुटेनात.

"नाही देत," त्या म्हणाल्या. "बदक इथंच राहील, म्हणजे कुत्राही इथंच राहील. आता तिचं काय ते तिला विचार."

भावानं विचारलं. सून दुकानातल्या गठ्ठ्याकडे बघत काहीतरी बोलली.

"ती विचारतेय, शर्ट पुन्हा करणार का?"

नाही म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. "करीन," सासूबाई म्हणाल्या. "हाताला खोडच लागलीय. पण तिला सांग, माझेही तिनं उलगडावेत. मी बघत उभी राहीन."

सून दुकानात शिरली. सासूबाईंनी सकाळी केलेला, गठ्ठ्यातला अगदी वरचा शर्ट तिनं उलगडला, पाणी शिंपडलं आणि इस्त्री उचलली. कॉलर तशीच ठेवून बाहीपासून सुरुवात केली.

बदकाला काखेत धरून सासूबाई बघत राहिल्या. हे इतकं झोंबतं, हे त्यांना आज कळलं.