हरळीचे निर्मूलन

संकष्टीच्या सकाळी माझ्यापुढे चहाचा कप ठेवताना रतन म्हणाली, "आज शेवंती उजाडतानाच येऊन गेली. टोपलीभर दूर्वा मिळाल्या तिला."

"कुठून मिळाल्या?"

"कुठून म्हणजे? आपल्या हिरवळीतून. अहो, श्रावणापासून खुडून नेते आहे ती. देवळाच्या रस्त्यावर विकते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वाद घातला असता."

मी कप उचललाच नाही.

टिटवाळ्यातल्या आमच्या घरापुढे पंधरा फूट रुंद आणि वीस फूट लांब अशी हिरवळ आहे. तिच्याखालची माती काळी, चिकण. पावसाळ्यात तिच्यावर पाणी तुंबते आणि वैशाखात तिला करंगळी जाईल एवढ्या भेगा पडतात. रोपवाटिकेतले मऊ गवत अशा मातीत तग धरत नाही, म्हणून मी तीन वर्षे वाळू मिसळली, पाण्याला उतार काढून दिला, पावसाळी दिवसांत गवताची कापणी उंच ठेवली. ह्या साऱ्याचा लाभ घेतला तो हरळीने, म्हणजे दूर्वांच्या रानगवताने. तिला ही माती आणि ही हवा माहेरची. "राहू द्या की, तीही हिरवीच आहे," असे रतनचे मत होते. परंतु लावलेले गवत आणि घुसलेले गवत ह्यांत भेद न करणे मला तत्त्वतः अमान्य होते. पूर्वेकडची हरळी विरळ होताना पाहून मी ते माझ्या वाळूचे यश समजलो होतो. उरलेलीचा निकाल लावावा म्हणून आदल्या दुपारी, रतन डोंबिवलीला बहिणीकडे गेली असताना, तणनाशक आणून बारीक कुंचल्याने मी हरळीचे एकेक पाते रंगवले होते. शेजारच्या गवतावर थेंबही पडू दिला नव्हता. असे पाते मरायला आठवडा घेते. तोवर ते ताजेच दिसते.

"रतन, त्या दूर्वांना विष लावलं आहे. मी लावलं आहे."

तणनाशकाची बाटली पिशवीत टाकून मी रिक्षा पकडली. शेवंती रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बसली होती. पुढ्यात एकवीस-एकवीस पात्यांच्या जुड्या.

"शेवंती, ह्या सगळ्या मला दे. एकही विकू नकोस."

"सगल्या? दादा, येवढा कुठला नवस केला तुमी?"

मी सांगितले. ती हसायची थांबली. शेजारच्या हारवालीला तिने देवळात निरोप द्यायला पिटाळले, की आजचे निर्माल्य गुरांपुढे टाकू नका. मग एकाएकी तिने कपाळाला हात लावला.

"एक पोरगी सुट्टी दूर्वा घेऊन गेली दादा. रस काढायला. तिच्या बापाच्या नाकातशी रगत येतं."

"कोण? राहते कुठे?"

"रसिका. टाकीसमोर, दुसरा माला. दर महिन्याला माझ्याकडशीच नेते." आणि उरलेल्या जुड्या पदरात घेऊन ती माझ्याआधी रिक्षात बसली.

मुठीत पाती किती मावतात, एका पात्यावर विष किती बसते, हे गणित मी वाटेत तीनदा मांडले आणि तीनदा मोडले.

"जरा जोरात घे रे!"

"काका, खड्डे बघा की. उडवत नेऊ काय?"

रसिकाने दार उघडले. आत तिचे वडील, देवराम, खुर्चीत बसले होते. हातातला पेला अर्धा होता. वरचा अर्धा त्यांनी दहा मिनिटांपूर्वी प्यायला होता.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटलीवरचा मजकूर दोनदा वाचला, मुद्दाम उलटी काढू नका म्हणून बजावले आणि देवरामांना खाटेवर निजवले. "संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवू," एवढेच ते म्हणाले.

मी दर दहा मिनिटांनी उठत होतो. "मळमळतंय का?"

"तुम्ही विचारता तेव्हा मळमळतं," देवराम म्हणाले. "बसा हो जरा. कडू लागलं थोडं, बाकी काही नाही."

दुपारी मात्र त्यांचा चेहरा उतरला, कपाळावर घाम आला. रसिका तो पुसत राहिली. मागे न पाहताच ती म्हणाली, "मावशी, यापुढे तुमच्याकडून नाही घेणार."

दाराशी उभ्या असलेल्या शेवंतीने मान खाली घातली.

"हिचा काही दोष नाही," मी म्हणालो. "विष मी लावलं. हिला ठाऊक नव्हतं, माझ्या पत्नीलाही ठाऊक नव्हतं. न्यायाने पाहिलं तर..."

"काका, मी तुम्हाला ओळखत नाही. यांना ओळखते. यांच्या हातचं म्हणून बाबांना दिलं मी."

मी बोलतच राहिलो. माझे प्रत्येक वाक्य खरे होते. आणि त्यातल्या एकानेही शेवंतीची एक जुडी खपणार नव्हती.

तेवढ्यात देवराम कोपरावर उठले आणि त्यांना उमळून आले. जवळ भांडे नव्हते. शेवंतीने झटक्यात पुढे होऊन आपला पदर त्यांच्या तोंडाखाली धरला. दुसरा हात त्यांच्या पाठीवरून फिरत होता. "होऊ द्या बाबा, होऊ द्या," ती म्हणत होती. रसिकाने तिला दूर केले नाही.

मी डॉक्टरांना हाक मारायला धावलो.