एका नावाचं कुलूप

मी ग्लेनिस तबोनचं लाल कुलूप बोलतोय. मान वर करून सांगावं असं माझ्यापाशी काही नाही, तरी ऐका.

क्वीन्सलंडमधल्या आमच्या साखर कारखान्यात प्रत्येक कामगाराला स्वतःचं कुलूप मिळतं, त्यावर त्याचं नाव आणि फोटो. यंत्रात उतरण्याआधी ज्याने त्याने आपलं कुलूप स्विचला लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. एक जरी कुलूप लटकत असलं तरी यंत्र सुरू होत नाही. अकरा हंगाम मी ग्लेनिसच्या कमरेला मिरवलो. फार तोरा होता मला.

नव्या माणसांना हा नियम शिकवायची ग्लेनिसच. कुणी कुलूप विसरलं की त्याची खरडपट्टी काढायची. त्या दिवशी मात्र तिचा जुना जोडीदार नोएल वेला आपलं कुलूप चहाच्या खोलीत विसरला. ऊस आत वाहून नेणाऱ्या गव्हाणीची साखळी तुटली होती, बाहेर उसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या, ऊन मी म्हणत होतं. तो कुलूप आणायला निघाला तेव्हा ग्लेनिस म्हणाली, "कुठे एवढा चालत जातोस? माझं आहे ना लावलेलं. उतर."

"एरवी मला शिव्या घालतेस ती तूच ना?" असं म्हणत तो हसत उतरला.

कुलूप एकाचं, आत माणसं दोन. मला ते दिसत होतं.

काम संपलं. ग्लेनिस शिडी चढून वर आली. नोएल मागून येतोय असं ती धरून चालली. पण पाना खाली राहिला म्हणून तो मागे वळला होता. तिने किल्ली फिरवली आणि मी नेहमीसारखा गुमान उघडलो. गव्हाण मोकळी आहे असं तिने कंट्रोल रूमला फोनवर कळवलं. साखळी हलली आणि खालून नोएल ओरडला. ग्लेनिसने धावत जाऊन यंत्र थांबवायची दोरी ओढली म्हणून तो जगला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी सभेत मॅनेजर डेस्मंड म्हणाला, नोएलने कुलूप लावलं नाही, चूक त्याचीच. सगळ्यांनी माना डोलावल्या. ग्लेनिसनेही. तिच्या कमरेला मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचव्या दिवशीच्या सभेत ती स्वतःहून उभी राहिली. "तो कुलूप आणायला निघाला होता, मी अडवलं. वर आल्यावर मागे वळून पाहिलंही नाही. आणि हे चार दिवस लपवलं, त्याची जास्त शरम वाटते."

मग मागून एकजण म्हणाला, गेल्या आठवड्यात मीही असंच केलं. मग आणखी दोघं.

तिने मला चहाच्या खोलीत खिळ्याला टांगलं आणि दुसरं कुलूप घेतलं. पुढच्या हंगामात नोएल परतला. त्याने मला खाली काढून तिच्या हातात दिलं. "हे तुझं. तू लाव. माझं मी लावतो."

अंगठ्याने आणि एका बोटाने कुलूप लावायला त्याला वेळ लागला. ग्लेनिसचा हात मदतीला पुढे झाला आणि मागे आला. त्याचं होईपर्यंत ती थांबली, मग तिने मला शेजारी लावलं.

माझ्यावर एकच नाव आहे. दुसऱ्याचा जीव माझ्या भरवशावर टाकू नका. मी उघडतो, तेव्हा आत कोण राहिलंय ते मला सांगता येत नाही.